मनगटाला चामड्याचा पट्टा बांधणारा पियानोवादक: हा त्सिफ्रा कोण?

काळीपाच

नमस्कार मंडळी. मी पेटी वाजवते (नावावरून कळलंच असेल). पियानोतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून हा धागा.

माझे मोठे मामा बोटीवर होते. बंदराबंदरांतून तबकड्या आणायचे. ते गेल्यावर मिरजेचं घर आवरताना वखारीच्या खोलीत एक खोका सापडला. किशोरी, कुमार, थोडे बीटल्स, आणि तळाला एक एलपी. वर लिस्ट ह्या जुन्या हंगेरियन संगीतकाराचं नाव, खाली वादकाचं, सी-झेडनं सुरू होणारं. तबकडीवर बुरशी आहे, लावायचा धीर झाला नाही. म्हणून यूट्यूबवर शोधलं तर जुनं काळंपांढरं फ्रेंच टीव्हीचं चित्रण मिळालं. काळा सूट, नाकीडोळी एखाद्या जुन्या नटासारखा, आणि मनगटाला चामड्याचा रुंद पट्टा! पैलवान बांधतात तसा. त्यानं जे काही वाजवलं ते मी तोंड उघडं टाकून बघितलं. बोटं दिसतच नव्हती.

आमच्या क्लासमधल्या एकाला पाठवलं. तो पाश्चात्त्य संगीत बऱ्यापैकी ऐकतो. त्याचं उत्तर: ‘हो, माहितीये. सर्कस आहे ती.’

तर प्रश्न असे: (१) हा माणूस कोण? (२) तो पट्टा कशाला? (३) ही खरंच सर्कस आहे का, आणि नसेल तर मी नेमकं काय ऐकायचं?

---

फेल्टवाला

पट्ट्याचं आधी सांगतो, कारण बाकीचं लांबणार आहे.

तो पट्टा शोभेचा नाही. १९५० साली ह्या माणसानं बायको-मुलाला घेऊन हंगेरीतून पळायचा प्रयत्न केला. पकडला गेला. १९५३ पर्यंत कैद आणि सक्तमजुरी. दगड आणि काँक्रीट वाहायला लावलं. मनगटाचे अस्थिबंध ताणले गेले ते कायमचे. पुढे वाजवताना आधार म्हणून पट्टा.

आता ओळख. मी मुंबईत एकतीस वर्षं पियानोला सूर लावायचं काम केलं. वादक नाही, कारागीर. त्यामुळे वादकांकडे मी उलट्या बाजूनं बघतो, पियानोच्या आतून. त्सिफ्राची पहिली तबकडी मला गिरगावातल्या एका गिऱ्हाईक बाईंनी ऐकवली. त्यांच्या पियानोचं फेल्ट कसरीनं खाल्लं होतं, मी आडवा पडून ते बघत होतो. वर ग्रामोफोन चालू. मी म्हटलं, बाई, हे दोन जण वाजवतायत ना? त्या हसल्या.

ग्यॉर्ज त्सिफ्रा. जन्म ५ नोव्हेंबर १९२१, बुडापेस्ट. रोमा कुटुंब, म्हणजे युरोपात ज्यांना जिप्सी म्हणून हाकलतात ते लोक. बाप सिंबालोम वाजवायचा. हे वाद्य नीट लक्षात ठेवा, मी त्यावर परत येणार आहे. पहिल्या महायुद्धाआधी हा बाप पॅरिसच्या हॉटेलांत, कॅबरेंत वाजवून पोट भरत होता. युद्ध लागलं, हंगेरियन म्हणजे शत्रू, म्हणून फ्रान्सनं कुटुंबाला बाहेर काढलं. आले ते बुडापेस्टच्या अंग्यालफल्ड भागातल्या दरिद्री वस्तीत. अंग्यालफल्डचा अर्थ देवदूतांची भूमी. नावं ठेवणाऱ्यांना विनोदबुद्धी असते.

पोर आजारी, अंथरुणाला खिळलेलं. बहीण योलान पियानोचा सराव करायची, ते बघून बघून हा शिकला. कागदावरचे सूर नंतर, कानातले आधी. पाच वर्षांचा असताना फिरत्या सर्कशीत बसवला. लोकांनी कुठलंही गाणं ओरडून सांगायचं, पोरानं त्यावर तिथल्या तिथं रचून वाजवायचं. तेव्हा तुमच्या मित्राला सांगा, शब्द अगदी बरोबर आहे. तो सर्कशीतच होता. फक्त पाच वर्षांचा होता आणि घरात खायला नव्हतं.

नवव्या वर्षाच्या आसपास बुडापेस्टच्या लिस्ट अकादमीत घेतलं. तिथं दोहनान्यी होते, मोठे संगीतकार आणि तिथले सर्वेसर्वा. इथून सरळ रस्ता असायला हवा होता. पण १९४२ मध्ये फौजेत भरती, बायको गरोदर. बायको सुलेका, मूळची इजिप्शियन घराण्यातली. पूर्व आघाडी, मग कैद. परत आला तेव्हा बुडापेस्ट मोडून पडलेलं. म्हणून बारमध्ये, क्लबांत पियानो. दारू पिणाऱ्यांसमोर, रात्रभर, जाझसकट मागाल ते.

बारमधल्या पियानोंबद्दल मला दोन शब्द बोलायचा हक्क आहे. मी मुंबईतल्या बऱ्याच हॉटेलांचे पियानो लावलेत. ग्लास उपडे झालेले, सिगरेटचे डाग, चार पट्ट्या मुक्या. असल्या पियानोवर रोज वाजवणारा माणूस एक गोष्ट शिकतो: मुकी पट्टी कुठं आहे ते आधीच ओळखून तिच्या बाजूनं वळसा घालायचा, आणि ऐकणाऱ्याला वळसा हाच अलंकार वाटला पाहिजे. त्सिफ्राचं वादन ऐकताना मला सारखं हे आठवतं. पुढे त्याला उत्तमातले उत्तम पियानो मिळाले, पण हात वळशांना सोकावलेले.

जेवायला बोलावतायत. उरलेलं उद्या.

---

संथलय

फेल्टवालाकाका, वाचायला मजा आली. पण प्रश्न क्र. ३ चं उत्तर तुमच्या चरित्रकथनात वाहून जायला नको.

माणसाचं आयुष्य करुण म्हणून त्याचं वादन थोर ठरत नाही. मी त्सिफ्रानं वाजवलेला शोपँ (पोलिश संगीतकार) ऐकलाय. एट्यूड्स, म्हणजे सरावाच्या रचना, घ्या. सगळीकडे अचानक जोर, अचानक घाई, मध्येच एखाद्या साध्या स्वराला मिशा काढल्यासारखं काहीतरी. शोपँला ते सोसत नाही.

काळीपाच, हंगेरियन पियानोच ऐकायचा असेल तर आनी फिशर ऐका. जन्म १९१४, बुडापेस्टच. १९३३ ची लिस्ट स्पर्धा तिनं जिंकली. ज्यू असल्यामुळे १९४० मध्ये नवऱ्यासह स्वीडनला जावं लागलं, १९४६ मध्ये परतली आणि मग तिथंच राहिली. स्टुडिओत वाजवायला तिला आवडायचं नाही. समोर माणसं नसतील तर संगीत कुणासाठी, असा प्रकार. बेथोव्हेनच्या ३२ सोनाटा तिनं १९७७ पासून ध्वनिमुद्रित करायला घेतल्या, वर्षानुवर्षं तुकडे जुळवत राहिली, समाधान झालं नाही आणि हयातीत त्या बाहेर येऊच दिल्या नाहीत. १९९५ मध्ये ती गेल्यावर लोकांना मिळाल्या. ह्याला मी वादक म्हणतो. एका बाजूला स्वतःचं मुद्रण दाबून ठेवणारी बाई, दुसऱ्या बाजूला शेवटी लिस्टचा धावता ‘ग्रँड गॅलॉप’ उडवून टाळ्या घेणारा माणूस.

---

डॅन्यूबकाठ

थोडी माहितीची भर, वादात न पडता.

नावाबद्दल. हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं: त्सिफ्रा ग्यॉर्ज. त्यातला पहिला वर्ण म्हणजे आपला ‘चांदणं’मधला च. पण मराठीत त्या च ला वेलांटी दिली की तो ‘चिमणी’तला होतो, म्हणून त्सिफ्राच लिहावं लागतं. आणि गंमत म्हणजे, माझ्या ऑफिसातली बुडापेस्टची मैत्रीण सांगते की हंगेरियनमध्ये ह्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ नक्षीदार, नटवा, भडक सजवलेला. संथलय ह्यांना हे आवडेल!

मी व्हिएन्नात राहते, म्हणून १९५६ बद्दल. २२ ऑक्टोबर १९५६ ला त्सिफ्रानं बुडापेस्टमध्ये हंगेरियन संगीतकार बार्टोकचा दुसरा पियानो कन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) वाजवला, वाद्यवृंदाचे संचालक मारियो रॉसी होते. दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धचा उठाव सुरू झाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोव्हिएत रणगाडे आले. साधारण दोन लाख लोक देश सोडून गेले, बहुतेक ऑस्ट्रियाच्या सीमेवरून. त्सिफ्रा कुटुंबही त्यात. ह्या खेपेस जमलं. नोव्हेंबरमध्येच त्यानं व्हिएन्नात वाजवलं, डिसेंबरमध्ये पॅरिसच्या शातले नाट्यगृहात.

ह्याच वेळी व्हिएन्नात वीस वर्षांचा एक मुंबईकर शिकत होता: झुबिन मेहता. त्यानं आठवडाभरात विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद गोळा करून शहराबाहेरच्या हंगेरियन निर्वासितांच्या छावणीत कार्यक्रम केला होता. त्सिफ्राशी त्याचा संबंध जोडत नाहीये हं. पण मी त्या बाजूनं गाडीनं जाते तेव्हा दोन्ही गोष्टी एकदमच डोक्यात येतात.

---

फेल्टवाला

डॅन्यूबकाठ, नावाचा अर्थ मला माहीत नव्हता. एकतीस वर्षं उगाच घालवली.

संथलय, शोपँबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. मलाही तो शोपँ रात्री ऐकवत नाही. आनी फिशर तर ऐकावीच. पण लिस्टचं काय?

आता सिंबालोम. आपलं संतूर डोळ्यांपुढे आणा. लाकडी पेटी, तारा, दोन काठ्यांनी वाजवायचं. तेच कुळ. बुडापेस्टच्या शुंडा नावाच्या वाद्यकारानं १८७४ मध्ये त्याला पाय लावले, आकार वाढवला आणि तारा दाबून नाद थांबवायला पायटा जोडला. रोमा बँडमध्ये व्हायोलिनच्या मागे हेच घणघणत असतं. लिस्ट असले बँड ऐकत फिरायचा, आणि त्यातूनच त्याच्या हंगेरियन रॅप्सडी, म्हणजे मोकळ्या बांधणीच्या पियानो-रचना, झाल्या. त्याचा समज होता की हेच हंगेरीचं मूळ संगीत. पुढे बार्टोक आणि त्याचा साथी संगीतकार कोदाय खेड्यापाड्यांत हिंडले, शेतकऱ्यांची गाणी गोळा केली आणि म्हणाले, मूळ ते नव्हे, हे. ते भांडण तिकडे अजून निघतं, आपण त्यात नको.

तर अकरावी रॅप्सडी काढा. तिच्या पहिल्याच ओळीवर लिस्टनं सूचना लिहून ठेवलीये: सिंबालोमसारखं. आता विचार करा. जगातला प्रत्येक पियानोवादक ही ओळ वाचतो आणि सिंबालोम कसं वाजतं ह्याचा अंदाज करतो. त्सिफ्राला अंदाज करायची गरज नव्हती. ते त्याच्या बापाचं वाद्य, घरातलं. स्वर उमटायच्या आधीची ती थरथर, एकाच सुरावर काठ्या भरभर पडत जाणं आणि मग नाद विरायला सोडून देणं. तो वेगासाठी वेग घेत नाही तिथं. तो बोलीभाषेत बोलतोय, आणि बाकीच्यांनी ती पुस्तकातून शिकलेली. संथलय ज्याला स्वराला मिशा काढणं म्हणतात ना, ते ह्या बोलीचे हेल आहेत. शोपँच्या तोंडी ते शोभत नाहीत, कबूल. लिस्टच्या तोंडी ते जन्मापासून आहेत.

काळीपाच, तुम्ही पेटीवाल्या, म्हणून एक यंत्रातली गोष्ट सांगतो. पेटीत बोट पट्टीवर ठेवलं की भाता चालू तोवर सूर चालू. पियानोत तसं नाही. पट्टी दाबली की हातोडी तारेवर फेकली जाते, आपटते आणि सुटून मागे येते. तोच सूर पुन्हा हवा तर पूर्वी पट्टी पूर्ण वर येईस्तोवर थांबावं लागे. १८२१ मध्ये पॅरिसच्या एरारनं एक खटका काढला, त्यामुळे पट्टी अर्धीच वर आली तरी हातोडी पुन्हा उडते. मोठ्या आडव्या पियानोत तो आजही असतो, उभ्यात सहसा नाही. लिस्ट ह्याच खटक्यावर वाढला. तेराव्या रॅप्सडीच्या शेवटी एकाच सुराचा मारा आहे, तो ह्या खटक्याशिवाय अशक्य. आता मी कारागीर म्हणून सांगतो: तो खटका नीट जुळवायला मला एका पियानोला दोन दिवस लागायचे आणि गिऱ्हाइकांपैकी शंभरात एकाला तो पूर्ण वापरता यायचा नाही. त्सिफ्रा त्या खटक्याच्या शेवटच्या केसापर्यंत जातो. त्याची चित्रणं बघताना माझं लक्ष बोटांकडे नसतं, मी मनात हातोड्या मोजत असतो.

आणि आधी संथ ऐका. रॅप्सडीचे बहुधा दोन भाग: लाश्शान आणि फ्रिश्का. आपल्याला सांगायला नकोच, विलंबित आणि द्रुत. यूट्यूबवरची मंडळी द्रुताचे तुकडे कापून टाकतात आणि वर ‘अशक्य वेग’ असं लिहितात. तिथून सर्कस सुरू होते. तो नव्हे सर्कसवाला, कापणारे.

---

काळीपाच

काका, आधी एक: मला तुम्ही-आम्ही नको, अरेतुरे करा. मी तेवीस वर्षांची आहे.

अकरावी लावली. मोबाइलवर, स्वयंपाकघरात. आई भाकरी थापत होती. सुरुवात ऐकून म्हणाली, ‘संतूर का?’ मी काही बोलले नाही. मग एकदम पियानोसारखा पियानो झाला, तेव्हा म्हणाली, ‘नाही, हे दुसरंच काहीतरी.’ मला स्वतःला पहिलं एक मिनिट सगळ्यात आवडलं. शेवटच्या धावपळीत मी जरा बाहेर पडले, खरं सांगायचं तर.

आनी फिशरही ऐकली, संथलयदादा. बेथोव्हेनची एक. दोनदा ऐकावी लागेल.

पॅरिसला गेल्यावर पुढे काय झालं? यश मिळालं ना?

---

फेल्टवाला

मिळालं, भरपूर. पॅरिसनं डोक्यावर घेतलं. ज्या देशानं बापाला हाकललं त्याच देशात, आणि १९६८ मध्ये तिथलं नागरिकत्व. तिथून नाव ‘झॉर्झ’. रॅप्सडी ध्वनिमुद्रित केल्या, एकदा १९५० च्या दशकात, परत १९७० च्या दशकात. कूपराँ, रामो असल्या जुन्या फ्रेंच लोकांच्या छोट्या चिजाही वाजवल्यात. संथलय, त्या तुम्ही ऐकल्या नसाव्यात असं वाटतं. इतक्या हलक्या हातानं वाजवल्यात की तोच माणूस का असं वाटावं.

पैसे आले ते त्यानं दगडांत घातले. (दगडांनीच मनगट मोडलं होतं, हे माझ्या डोक्यात राहतं, पण त्यात उगाच अर्थ शोधू नये.) ओव्हर्न्य भागात ला शेझ-द्यू नावाचा डोंगरातला जुना मठ आहे, तिथला ऑर्गन मोडकळीला आलेला. त्याच्यासाठी १९६६ मध्ये त्यानं कार्यक्रम केला, त्यातून महोत्सव सुरू झाला, तो आजही भरतो. मग १९७३ मध्ये पॅरिसच्या उत्तरेला सेनलिस गावातलं एक मध्ययुगीन चॅपल विकत घेतलं. राजघराण्याचं चॅपल, बाराव्या शतकाच्या शेवटची इमारत, पण फ्रेंच राज्यक्रांतीनंतर हाल होत होत शेवटी मोटारींचं गॅरेज झालेलं. ते साफ करून, उकरून, खिडक्यांना चित्रकार होआन मिरोकडून रंगीत काचा करवून घेऊन तिथं सभागृह केलं. नाव लिस्टचं दिलं. तरुण वादकांना तिथं वाजवायला मिळावं म्हणून संस्था काढली.

मुलीकडे पॅरिसला गेलो होतो तेव्हा मी सेनलिसला जाऊन आलो. गार द्यु नॉरहून गाडीनं शाँतियी, तिथून बस. त्या दिवशी कार्यक्रम नव्हता, बाहेरूनच बघितलं. अरुंद गल्ल्या, फरसबंदी, त्यावरून बाइकवाला गेला की दात वाजतात. मी भिंतीला हात लावून उभा होतो आणि मुलगी म्हणाली, बाबा, इथंही दमट हवा तपासताय का? तपासतच होतो. दगडी इमारतीत पियानो ठेवायचा म्हणजे सूर लावणाऱ्याला झोप नाही.

शेवटचं लिहायला मला जड जातं, म्हणून थोडक्यात. त्याचा एकुलता मुलगा, नाव बापाचंच, वाद्यवृंद-संचालक झाला होता. १९५० च्या फसलेल्या पळण्यात जो बरोबर होता तोच. बापलेकांनी मिळून ध्वनिमुद्रणं केली आहेत: बाप पियानोवर, मुलगा वाद्यवृंदासमोर. १९८१ मध्ये घराला आग लागून मुलगा गेला. त्यानंतर त्सिफ्रानं वाद्यवृंदाबरोबर पुन्हा कधीच वाजवलं नाही. एकट्यानं वाजवलं, तेही कमी होत गेलं. १५ जानेवारी १९९४ ला गेला, बहात्तराव्या वर्षी. सेनलिसलाच पुरलाय.

---

संथलय

कूपराँ ऐकला. ठीक आहे. ठीकपेक्षा बरा आहे.

मुलाबरोबरची लिस्टची ‘हंगेरियन फँटसी’ मी पूर्वी ऐकली होती, संचालक मुलगा आहे हे कळलं नव्हतं. पाकिटावर दोन सारखी नावं बघून छपाईची चूक असेल असं समजलो होतो.

शोपँबद्दलचं मत कायम.

---

काळीपाच

काका, मामांच्या एलपीच्या पाकिटावर मागे पेन्सिलनं ‘मार्सेय’ आणि किंमत लिहिलीये फ्रँकमध्ये. ती लावायचीच आहे आता. बुरशी कशी काढू? इथं एकानं स्पिरिट सांगितलं.

---

फेल्टवाला

एलपी असेल तर डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल, मऊ मायक्रोफायबर, खाचांच्या दिशेनं गोल गोल. आडवं पुसू नकोस. मधल्या कागदी लेबलाला पाणी लागू देऊ नकोस. मग उभी ठेवून सावलीत वाळव, पंख्याखाली नको, धूळ बसते. पाकिटातला जुना कागद टाकून दे, बुरशी त्यातच राहते. बाहेरचं पाकीट मात्र टाकू नकोस, पेन्सिल आहे त्यावर.

आणि खोक्यात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या जड तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट अजिबात लावू नकोस. त्या लाखेच्या असतात, विरघळतील.